मायकोरायझाची पिशवी आणि डीएपीची गोणी एकाच वाफ्यात का जमत नाही?

चाकण-खेडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत रब्बी कांद्याची लागण सुरू झाली की कृषी सेवा केंद्रातून दोन वस्तू अनेकदा एकत्र बाहेर पडतात. एक म्हणजे डीएपी किंवा १०:२६:२६ ची गोणी. दुसरी म्हणजे ‘पांढरी मुळी वाढवणारी’ मायकोरायझाची पिशवी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच वाफ्यात पडतात. पहिल्या वस्तूचे प्रमाण जास्त झाले, तर दुसरीवरचा खर्च बहुतांशी वाया जातो. गंमत अशी की, बुरशीला मुळात घ्यायचे की नाही, हा निर्णय मुख्यतः कांदाच घेतो. तो कोणत्या संप्रेरकांच्या आधारे घेतो, हे गेल्या २० वर्षांत बऱ्यापैकी उलगडले आहे. शेतकऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

मायकोरायझा म्हणजे नेमके काय?

हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेतून घडवलेल्या या शब्दाचा सरळ अर्थ ‘बुरशी-मूळ’. फ्रँक यांच्याकडे खरे तर ट्रफल या महागड्या खाद्य बुरशीची लागवड कशी करता येईल, हे शोधण्याचे काम आले होते. ट्रफलच्या शेतीपेक्षा मोठी गोष्ट त्यांच्या हाती लागली. जंगली झाडांच्या मुळांवरची बुरशी रोग नसून झाडाची सोबतीण आहे, हे त्यांनी मांडले.

आपल्या शेतातल्या पिकांत दिसतो तो या सोबतीचा दुसरा आणि अधिक जुना प्रकार. यात बुरशी मुळाच्या आत शिरते आणि थेट पेशीत जाऊन बारीक फांद्यांच्या झुडपासारखी रचना करते. तिला आर्बस्क्यूल म्हणतात. पिशवीवर अजूनही छापला जाणारा ‘व्हॅम’ हा शब्द त्याच प्रकाराचे जुने नाव. जमिनीवरच्या ७० टक्क्यांहून अधिक वनस्पती-प्रजातींत ही जोडी आढळते. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ती सापडली आहे. तेव्हाच्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळेही नव्हती, पण बुरशी होती.

व्यवहार रोखठोक आहे. बुरशी मातीतून स्फुरद, जस्त आणि थोडे पाणी आणून देते. झाड पानांत तयार केलेल्या अन्नाचा ४ ते २० टक्के वाटा तिला देते. यात साखर असतेच, पण स्निग्धाम्लेही असतात, हे २०१७ मध्ये एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाले. ही बुरशी स्वतःची स्निग्धाम्ले मुळापासून तयार करू शकत नाही. जिवंत मुळाशिवाय तिचे आयुष्य पूर्ण होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पिशवी विकत घेताना तो पुन्हा लागणार आहे.

कांद्यालाच याची एवढी गरज का?

कांदा उपटून त्याच्या मुळ्या पाहिल्या तर उत्तर दिसते. जाड, फारशा न फुटलेल्या, वरच्या वीतभर थरातच पसरलेल्या मुळ्या. गव्हाच्या किंवा बाजरीच्या मुळीवर बारीक केशतंतूंची लव असते, कांद्याच्या मुळीवर ती जवळपास नसते. स्फुरद तर मातीत जागचे हलत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहते, स्फुरद मातीच्या कणांना धरून बसते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर चुन्याशी त्याची गाठ पडते आणि ते आणखी घट्ट होते. त्यामुळे मुळीच्या भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा थर रिकामा झाला, की शेजारी स्फुरद असूनही कांदा उपाशी राहतो. बुरशीचे तंतू त्या रिकाम्या थरापलीकडे काही सेंटिमीटर जातात आणि तिथला माल मुळीपर्यंत आणतात.

म्हणूनच या विषयावरच्या सुरुवातीच्या नामांकित प्रयोगांत कांदा हेच पीक होते. इंग्लंडमधील सँडर्स आणि टिंकर यांनी १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले काम कांद्यावरचे. बुरशी असलेली मुळे बुरशी नसलेल्या मुळांपेक्षा कितीतरी वेगाने स्फुरद घेतात, आणि हे जादा स्फुरद बाहेर पसरलेल्या तंतूंमार्फतच येते, हे त्यांनी दाखवले.

राजगुरुनगरमध्ये कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेली ही राष्ट्रीय संस्था १९९८ मध्ये इथे आली. ‘भीमा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कांद्याच्या जाती तिथल्याच. चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांद्याची आवक मोजणाऱ्या तालुक्यात मायकोरायझाचा प्रश्न म्हणूनच पुस्तकी नाही.

मूळ बुरशीला बोलावते कसे?

ही गोष्ट एका चोरापासून सुरू होते. ज्वारीच्या मुळावर जगणारे टारफुला हे तण सोलापूर-मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि वर्षानुवर्षे मातीत झोपून राहते. ज्वारीची मुळी जवळ आली की ते जागे होते. त्याला जाग आणणारे रसायन कोणते, याचा शोध चालू होता. १९६६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी कापसाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवातून ते वेगळे काढले. टारफुल्याचे शास्त्रीय नाव स्ट्रायगा, म्हणून रसायनाला नाव मिळाले स्ट्रायगॉल आणि त्याच्या कुटुंबाला स्ट्रायगोलॅक्टोन.

पण कोणतेही झाड आपल्याच शत्रूला जागे करणारे रसायन मुळातून बाहेर का सोडेल? हा प्रश्न जवळपास ४० वर्षे लोंबकळत राहिला. २००५ मध्ये जपानच्या ओसाका प्रिफेक्चर विद्यापीठातील कोहकी अकियामा आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. झाड शत्रूला बोलावत नव्हते, ते बुरशीला बोलावत होते. स्ट्रायगोलॅक्टोनचा अत्यल्प अंश मिळाला तरी बुरशीच्या तंतूला फांद्या फुटू लागतात, म्हणजे मुळीला गाठण्याची तिची शक्यता वाढते. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की, हे रसायन मिळताच बुरशीच्या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची हालचाल वाढते. निवांत पडलेला तंतू कामाला लागतो. टारफुला हे बोलणे चोरून ऐकायला शिकला, एवढेच.

निसर्गाने हेच रसायन का निवडले असावे, याचेही कारण सुंदर आहे. स्ट्रायगोलॅक्टोन मातीत टिकत नाही, लवकर मोडते. त्यामुळे मुळीपासून दूर गेले की त्याचा मागमूस राहत नाही. बुरशीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हा वास आला म्हणजे जिवंत मुळी अगदी शेजारी आहे. टिकाऊ रसायन असते, तर गेल्या हंगामातल्या मेलेल्या मुळांनीही खोटी हाक दिली असती.

मग २००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. हेच रसायन झाडाच्या आत संप्रेरक म्हणूनही काम करते आणि खोडाला फुटणाऱ्या फांद्या, फुटवे आवरते, हे दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. स्फुरद कमी पडले की झाड स्ट्रायगोलॅक्टोन वाढवते. त्यामुळे वर फुटवे कमी होतात आणि खाली बुरशीला बोलावणे जाते. उत्पन्न कमी झालेल्या घरात खर्च आवरून बाहेर मदत मागावी, तसे.

टारफुल्याच्या बाबतीत या ज्ञानाचा उपयोगही झाला. ज्वारीच्या काही प्रतिकारक वाणांत स्ट्रायगोलॅक्टोनची जातच बदललेली असल्याचे २०१७ मध्ये आढळले. त्यांच्या हाकेने टारफुला फारसा जागा होत नाही.

दारात आल्यावर कोण उघडते आणि कोण अडवते?

हाक ऐकून बुरशी आली, तरी झाड तिला लगेच घरात घेत नाही. मुळांवर रोगाच्या बुरशाही येतात, त्यामुळे ओळख पटवावी लागते. सोबतीची बुरशी कायटिनपासून बनलेले छोटे रेणू सोडते. ते ओळखले की मुळीच्या पेशीकेंद्रात कॅल्शियमचे प्रमाण ठराविक तालात कमी-जास्त होऊ लागते आणि आत शिरण्याचा मार्ग तयार करणारी जनुके जागी होतात. भुईमूग, हरभरा, सोयाबीनच्या मुळांवर नत्राच्या गाठी धरतात, त्याही याच संदेशमार्गाने. फक्त बुरशीची सोबत कितीतरी जुनी. रायझोबियम जिवाणूंना मागाहून आयता रस्ता मिळाला.

दार उघडल्यानंतर आर्बस्क्यूल तयार होऊ द्यायचे की नाही, यावर सर्वांत जास्त हुकूमत चालते ती जिबरेलिनची. द्राक्षाचे मणी लांबवण्यासाठी वापरले जाणारे ‘जीए’ ते हेच. जिबरेलिन वाढले की पेशीतली डेला नावाची प्रथिने मोडली जातात, आणि आर्बस्क्यूल घडवायला ही डेला प्रथिनेच लागतात. वाटाणा, भात आणि अल्फाल्फाच्या कुळातल्या प्रयोगवनस्पतींत हे स्पष्ट दिसले. बाहेरून जीए दिले, तर मुळातली बुरशीची वसाहत घटते. झाड झपाट्याने उंच वाढत असेल, तर बुरशीला पोसायला त्याच्याकडे सवड नसते, असे समजावे.

यावरून कल्टार किंवा लिहोसिनसारखी जिबरेलिन दाबणारी औषधे मारली की मायकोरायझा वाढेल, असा हिशेब मात्र करू नये. फवारणीची मात्रा, वेळ आणि पीक यावर सारे बदलते. लिसिअँथस या फुलझाडात तर उलटाच प्रकार आढळला. तिथे बुरशी मुळात वेगळ्या घडणीने राहते आणि जिबरेलिनमुळे तिचा शिरकाव वाढतो, असे जपानी संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ‘संजीवक’ हा एक शब्द दुकानात सगळ्याच बाटल्यांना लावला जातो, त्यामुळे हे सांगणे गरजेचे.

बाकीची संप्रेरके मधल्या फळीतली. पाण्याचा ताण पडला की वाढणारे ॲबसिसिक आम्ल टोमॅटोत आर्बस्क्यूलच्या घडणीला हातभार लावते. इथिलीन साधारणपणे अडवते. रोगाशी लढताना वाढणारे सॅलिसिलिक आम्ल शिरकाव लांबवते. ऑक्झिनची गरज आर्बस्क्यूल घडताना पेशीपुरती असते. जास्मोनिक आम्लाचे निष्कर्ष पिकागणिक वेगळे येतात.

एक दुवा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, तो धुराचा. वणव्यानंतर बी उगवते, कारण धुरातल्या कॅरिकिन नावाच्या रसायनाची बियांना जाणीव होते. ही जाणीव करून देणारे प्रथिन भातात नसेल, तर मायकोरायझाची बुरशी मुळीशी संधानच बांधू शकत नाही, असे २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. मावळात भाताचे रोप टाकण्याआधी राब भाजण्याची पद्धत आहे, म्हणून हे वाचून चटकन निष्कर्ष काढावासा वाटतो. तो काढू नये. प्रयोगातले प्रथिन धुरासाठी काम करत नव्हते. झाडाच्या आतलाच, धुरासारखा एखादा संदेश ते पकडत असावे, असा संशोधकांचा कयास आहे. शिवाय पाणी साचलेल्या खाचरात या बुरशीला हवाच कमी मिळते.

डीएपी पडले की काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे. स्फुरद पुरेसे आहे की नाही, हे झाड सतत मोजत असते. भातातल्या २०२१ च्या एका मोठ्या संशोधनाने ही मोजणी बुरशीच्या स्वागताला थेट जोडली. स्फुरदाची टंचाई ओळखणारे एक नियंत्रक प्रथिन आहे. टंचाई असली की ते मोकळे असते आणि स्ट्रायगोलॅक्टोन बनवणारी, बुरशीला ओळखणारी, तिच्याकडून स्फुरद उतरवून घेणारी अशी जनुकांची सगळी फौज कामाला लावते. स्फुरद भरपूर असले की दुसरी प्रथिने त्याला धरून ठेवतात. हाक बंद, दारही बंद.

मुळीच्या एका भागाला खत मिळाले आणि दुसऱ्याला नाही, तरी फारसा फरक पडत नाही. वाटाण्याच्या मुळांचे दोन भाग करून २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात एका बाजूच्या मुळांना जास्त स्फुरद दिले, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या मुळांतही बुरशी घटली. निर्णय झाडभर लागू होतो. म्हणजे ‘डीएपी एका कडेला, मायकोरायझा मुळाशी’ ही युक्ती चालत नाही. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी. जास्त स्फुरद असताना बाहेरून कृत्रिम स्ट्रायगोलॅक्टोन दिले, तरी बुरशीचा शिरकाव पूर्ववत झाला नाही. उद्या कुणी या रसायनाची बाटली घेऊन वावरात आला, तर हे त्याला विचारावे.

आता आकडे पाहू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची कांद्यासाठीची नेहमी सांगितली जाणारी शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. म्हणजे एकरी २० किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद असते. एक गोणीसुद्धा जास्तच होते. पण व्यवहारात एकरी एक डीएपी, जोडीला एक १०:२६:२६ आणि पुढे ठिबकमधून १२:६१:०० अशी पद्धत सर्रास दिसते. नुसत्या पहिल्या दोन गोण्यांचे स्फुरद ३६ किलो झाले. आधी त्याच रानात बटाटा असेल, तर त्याला दिलेल्या खताचा शिल्लक साठा वेगळाच. डीएपीची गोणी गेली काही वर्षे १,३५० रुपयांच्या अनुदानित दराने मिळते. ही स्वस्ताई मुळाच्या दृष्टीने फार चांगली बातमी नाही.

याचा अर्थ स्फुरद बंद करा, असा नाही. कोवळ्या रोपाला सुरुवातीला स्फुरद लागते आणि बुरशी बसायला दोन-तीन आठवडे जातात. जमिनीत अजिबातच स्फुरद नसेल, तर पीक आणि बुरशी दोघेही अशक्त राहतात. मुद्दा माती परीक्षणाचा आहे. अहवालात उपलब्ध स्फुरद ‘जास्त’ किंवा ‘अत्यंत जास्त’ आले असेल, तर मायकोरायझाच्या पिशवीवर पैसे घालण्याआधी स्फुरदाची गोणी कमी करावी. तो बदल मोफत आहे, उलट पैसे वाचवणारा आहे, आणि म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात होत नाही.

पिशवीत जिवंत काय असते?

ही बुरशी मुळाशिवाय पूर्ण वाढत नाही, हे वर आले. त्यामुळे ट्रायकोडर्मासारखी ती टाकीत साधेपणाने वाढवता येत नाही. ती जिवंत मुळांवरच वाढवावी लागते, मग ते कुंडीतले झाड असो वा प्रयोगशाळेतल्या काचेच्या तबकडीत वाढवलेली गाजराची मुळे. हे काम वेळखाऊ आहे, आणि इथेच दर्जाचा प्रश्न येतो. भारतात मायकोरायझा जैविक खत १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली येते. बीजाणूंसह जिवंत अंशांची संख्या आणि मुळात शिरण्याची क्षमता या दोन्हींचे निकष त्यात आहेत. पिशवीवर बुरशीचे नाव, संख्या, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख नसेल, तर ती परत ठेवावी. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेली पिशवीही तशीच.

परदेशातही चित्र फार उजळ नाही. बाजारातल्या मायकोरायझा उत्पादनांची २०२२ मध्ये एक आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. निर्जंतुक मातीत, म्हणजे स्पर्धा करायला दुसरी बुरशी नसताना, बहुतेक उत्पादने मुळात शिरलीच नाहीत. दुसऱ्या बाजूला, स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत चांगल्या दर्जाची बुरशी देऊन पाहिली, तेव्हा वाढीत कुठे ४० टक्क्यांपर्यंत भर पडली, तर कुठे १२ टक्क्यांपर्यंत घट झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात फायदा कुठे होईल याचा सर्वांत चांगला अंदाज कशावरून आला, तर मातीत आधीच असलेल्या रोगकारक बुरशांवरून. जिथे रोगाचा भार जास्त, तिथे मायकोरायझाचा उपयोग जास्त.

आणखी एक खुबी ध्यानात घ्यावी. अनेक पिशव्यांत मायकोरायझासोबत ह्युमिक आम्ल, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्ले असतात. त्यांच्यामुळे आठवडाभरात मुळी पांढरी आणि पीक हिरवे दिसते, आणि श्रेय बुरशीला मिळते. एवढ्या घाईने बुरशी काही करू शकत नाही.

मग टाकायचे कुठे आणि टाळायचे कुठे?

ज्या रानात वर्षानुवर्षे बाजरी, भुईमूग, मका, ज्वारी यांची फेरपालट आहे, तिथे स्थानिक बुरशी आधीच असते. तिला बाहेरून पाहुणी आणण्यापेक्षा त्रास न देणे अधिक फळते. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा, पालक, बीट आणि माठ ही पिके मात्र ही सोबत जवळपास करतच नाहीत. त्यांच्या मुळाशी मायकोरायझा टाकणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. फ्लॉवरमागे लगेच कांदा घेतला, तर मधल्या काळात बुरशीला यजमान न मिळाल्याने कांद्याच्या मुळात ती कमी आणि उशिरा बसते. जमीन लांब काळ पडीक राहिली, तरी तेच.

कांद्यात बुरशी द्यायचीच असेल, तर ती रोपवाटिकेत द्यावी. गादीवाफ्यावर रोपे दाट असतात, थोड्या मालात सगळ्या मुळांशी गाठ पडते, आणि सहा-सात आठवड्यांनी पुनर्लागण करताना प्रत्येक रोप आपली बुरशी बरोबर घेऊन जाते. तिथेच मर रोगासाठी कार्बेन्डाझिमची आळवणी केली, तर सोबतीची बुरशीही त्यात सापडते. दोन्ही एकाच आठवड्यात करू नये.

खरी गरज आहे ती शेताबाहेर. चाकण एमआयडीसीत प्लॉट सपाट करताना वरची माती ओरबाडली जाते, वर मुरमाचा भराव पडतो, त्यावर रोलर फिरतो. मग कुंपणाकडेला खड्डे घेऊन कडुनिंब, करंज, चिंच, वड लावले जातात. ही सारी झाडे मायकोरायझाची सोबत घेणारी, पण त्या मुरमात तंतूंचे जाळे उरलेलेच नसते आणि स्फुरदही अगदी कमी. संप्रेरकांच्या भाषेत, झाड जीव तोडून हाक मारते आणि ऐकायला कुणी नसते. अशा उद्ध्वस्त जमिनींवर बाहेरून दिलेल्या बुरशीचा उपयोग होतो, हे जगभरच्या खाण-परिसरांतल्या वृक्षलागवडीतून दिसले आहे. विकतची पिशवी नसेल, तर जवळच्या जुन्या झाडाखालची, मुळांच्या तुकड्यांसह घेतलेली पाटीभर माती खड्ड्यात टाकली तरी चालते. फक्त ती रोगट झाडाखालची नको. पर्यावरण दिनाला हजारो रोपे लावून पुढच्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावणाऱ्या कंपन्यांना हा उपाय परवडण्यासारखा आहे.

मोशी-चिखलीच्या गच्चीवर कोकोपीटमध्ये टोमॅटो, मिरची, तुळस लावणाऱ्यांनाही हाच नियम. कोकोपीटमध्ये ही बुरशी नसते, त्यामुळे रोप लावताना चमचाभर मायकोरायझा थेट मुळीला लागेल असे द्यावे. वरून शिंपडून उपयोग नाही. आणि मग दर आठवड्याला १९:१९:१९ चे पाणी घालणार असाल, तर तो चमचाही वाचवावा.

आपल्या वावरात ती आहे, हे कसे ओळखायचे?

ही बुरशी भूछत्रासारखी वर येत नाही आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. पिशवीवरच्या चित्रातली पांढरी, कापसासारखी मुळी म्हणजे मायकोरायझा, हा गैरसमज आहे. खात्रीची पद्धत सूक्ष्मदर्शकाची, पण तीही फार खर्चिक नाही. मुळ्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून रंगहीन करतात आणि मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात रंगवतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही शाईची पद्धत महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही जमते. मुळीच्या आतले निळे-काळे तंतू आणि झुडपे स्पष्ट दिसतात. कॉस्टिक पोटॅश त्वचा भाजते, त्यामुळे हा उद्योग घरच्या गॅसवर करू नये.

कांदेवाल्यांना मात्र एक जवळची खूण उपलब्ध आहे. बुरशी चांगली बसली, की कांद्याच्या आणि मक्याच्या मुळीत एक पिवळे रंगद्रव्य साठते. ते ज्या कॅरोटीनच्या कुटुंबातून तयार होते, त्याच कुटुंबातून स्ट्रायगोलॅक्टोनही बनते. १९७७ मध्ये कांद्यातल्या बुरशीचे प्रमाण या पिवळेपणावरून मोजण्याची पद्धतच प्रसिद्ध झाली होती. लागणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी वाफ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चार-पाच रोपे खुरप्याने मातीसकट काढावीत आणि मुळ्या पाण्यात हलवून धुवाव्यात. निरोगी, कडक मुळीवर फिकट पिवळी झाक असेल, तर सोबतीण आत असण्याची शक्यता चांगली आहे. मुळी गुलाबी असेल, तर तो वेगळा रोग. तपकिरी आणि लिबलिबीत असेल, तर ती कूज. हा पिवळा रंग उजेडात झपाट्याने उडतो, त्यामुळे रोपे घरी नेऊन संध्याकाळी पाहण्यापेक्षा वाफ्याच्या कडेलाच, सावली धरून पाहावीत.